खडकीचा मोकळा रस्ता

रविवार, २१ सप्टेंबर २००८

पुढच्या महिन्यातल्या युवा खेळांसाठी बाणेर रोड पुन्हा खोदून ठेवलाय. सृष्टीला घ्यायला दहाला पोचायचं, पोचलो पावणेअकराला. कोर्टाने आठवड्यातून एक दिवस दिलाय, दहा ते पाच — त्यातलाही लचका या खेळांनी तोडला! जगभरातली मुलं पुण्यात धावायला येणार म्हणे. खेळांच्या फलकावरचा वाघ जोरात पळतोय, खाली आम्ही जागच्या जागी.

विश्रांतवाडीला घरी आणलं की लेक पाहुणीच होते. आई तिला भरवत बसते, शेजारच्या पोरी पळवतात, मी खुर्चीत. "शाळा कशी चाललीये?" "ठीक." "अभ्यास?" "झाला." नऊ वर्षांची मुलगी, आणि बापाशी बोलणं तारेसारखं.

पाचच्या आत सोडली. आम्रपाली दारातच उभी होती. घटस्फोटाला दोन वर्षं झाली, अजून घड्याळ बघूनच दार उघडते.

रविवार, २८ सप्टेंबर

परत सोडायला जाताना विद्यापीठ चौकात अडकलो. पुढे खोदकाम, मागे बस, बाजूला टेम्पो. मी चिडचिड करत होतो. सृष्टीने शेंगदाण्याची पुडी उघडली, सालं खिडकीबाहेर फुंकून दाणे माझ्या हातावर ठेवायला लागली. आणि बोलायला लागली! वर्गातली निकिता कशी फुशारक्या मारते, बाईंचा आवाज कसा निघतो — नक्कलसुद्धा करून दाखवली. इतका हसलो की टेम्पोवाला वाकून बघायला लागला.

मग म्हणाली, "बाबा, पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं. मला तिथेच हसू आलं."

कुठला पासपोर्ट?

"आईचं प्रोजेक्ट आहे ना, न्यू जर्सीला."

मला कुणी सांगितलंच नव्हतं. हातातले दाणे तसेच राहिले.

मंगळवार, ३० सप्टेंबर

आम्रपालीला फोन केला. म्हणाली, "नोटीस येईल तुझ्याकडे, रीतसर." दिवाळीनंतर निघणार. मुलीला नेण्यासाठी कोर्टात अर्ज केलाय. "तिचं भलं कशात आहे ते तूच सांग, अनिरुद्ध. तिथली शाळा बघितलीस का?"

मी न्यू जर्सीची शाळा कुठून बघणार!

रविवार, ५ ऑक्टोबर

आज जे केलं ते इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही.

तिला परत सोडायला जाताना होळकर पुलाशी पोलिसाने गाडीत वाकून सांगितलं, "विद्यापीठाकडे जाऊ नका, साहेब. खडकीवरून औंधला निघा, रस्ता मोकळा आहे." मी थँक यू म्हणालो. आणि विद्यापीठाकडेच गेलो.

सृष्टी बाहेरचे फलक वाचत होती.

रांगेत उभे राहिलो. बरं वाटलं. तिने सीट मागे टाकली, पाय वर घेतले. "तिकडे रात्र असेल तेव्हा इथे सकाळ. मग तू ऑफिसला जाताना मी झोपणार. फोन कधी करायचा?" मी म्हटलं, मी लवकर उठेन. "तू? आजी हाक मारून दमते!" गाडी जरा पुढे सरकली की मला वाईट वाटायचं.

पोचलो तेव्हा साडेसहा वाजले होते. "पाच म्हणजे पाच, अनिरुद्ध."

"ट्रॅफिक," म्हटलं. हा शब्द आता पुण्यात कुठेही चालतो.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

दसरा. आई पांढरी साडी नेसून विहारात गेली. मला चल म्हणाली. गेलो नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

खेळांचं उद्घाटन. आम्रपालीचा मेसेज सकाळीच आलेला — रस्ते बंद होतील, तिला तीनलाच आणून सोड. मी साडेचारला निघालो. आणि तोच रस्ता धरला.

खेळाडूंच्या बस जायच्या होत्या. पोलिसांनी सगळं थांबवलं. लोक गाड्या बंद करून खाली उतरले, कुणी शिव्या देत होतं, कुणी भेळ खात होतं. फोन वाजायला लागला. मी तो बंद केला. बॅटरी भरपूर होती.

बस गेल्या. सृष्टी खिडकीतून हात हलवत राहिली. एका बसमधून कुणीतरी हात हलवला तर केवढी खूश! मग अंधार पडला आणि ती सीटवरच झोपून गेली. मी तिच्याकडे बघत बसलो. मागचे हॉर्न वाजवत होते, पुढचा रस्ता मोकळा झाला होता.

आम्रपाली सोसायटीच्या गेटवर उभी होती. रडून चेहरा सुजलेला. तिने झोपलेल्या मुलीला उचललं — एवढी मोठी झालीये, पेलवत नव्हती — आणि आत गेली. मी फार नीच वागलो.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आम्रपालीच्या वकिलाने अर्जात जोडलंय: वडील मुलीला वारंवार उशिरा आणतात, फोन बंद ठेवतात. माझे वकील निवांत आहेत. "ट्रॅफिक होतं म्हणा. जज काय हेलिकॉप्टरने येतात?"

रविवार, १९ ऑक्टोबर

खेळ काल संपले. रस्ते गुळगुळीत, रिकामे. इतक्या लवकर बाणेरला कधीच पोचलो नव्हतो.

"तिला ताप आहे," आम्रपाली म्हणाली. दार अर्धंच उघडं. आतून टीव्हीचा आणि सृष्टीच्या हसण्याचा आवाज येत होता. भांडलो नाही. कुठल्या तोंडाने भांडणार?

बुधवार, २२ ऑक्टोबर

कोर्ट. जजबाईंनी विचारलं, उशीर का व्हायचा? वकिलांनी शिकवलं होतं तेच म्हणालो. बाईंनी मान डोलावली. त्याही बहुतेक रोज अडकत असणार.

मग सृष्टीला एकटीला आत बोलावलं. बराच वेळ लागला. बाहेर आली ती सरळ आईजवळ जाऊन बसली, माझ्याकडे बघेना.

परवानगी मिळाली. मुलगी जाणार. मला आठवड्यातून एक फोन आणि मे महिन्याची सुट्टी.

आई जेवली नाही. मीही नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

सकाळी आम्रपालीचा फोन. आवाज चिरकलेला. सृष्टीने रात्री तिला सगळं सांगितलं. आत जजबाईंना ती म्हणाली होती — "बाबांना रागवू नका. खडकीचा रस्ता मोकळा असायचा. पण मीच हट्ट करायचे, गर्दीतूनच चल म्हणून."

"तू तिला हे पढवलंस?" आम्रपालीने विचारलं.

नाही म्हटलं.

सृष्टीने असा हट्ट एकदाही केला नव्हता.