डावी बाजू मोकळी

३ मे, शनिवार

शेजारच्या पॅजेटच्या फाटकाचा खांब गेला! मुळासकट. आमच्या गाडीच्या डाव्या पट्ट्याखाली आला आणि बिस्किटासारखा मोडला.

मी माईकमध्ये स्वच्छ सांगितलं होतं, "डावी बाजू मोकळी, चल." तरी हा गाढव थेट खांबावर! बावीस वर्षं एनिड, आमची जुनी लष्करी गाडी, चालवतोय. नेव्हिल खाली बसून दोन दांडे ओढतो आणि मी वरच्या भोकातून कमरेपर्यंत बाहेर, कानाला हेडफोन. त्याच्या डाव्या हाताला इंजिनाचं धूड आहे, त्यामुळे तिकडचं त्याला काही म्हणजे काही दिसत नाही. डावीकडचं जग त्याला मी सांगायचं, हे आमचं ठरलेलं. बावीस वर्षांत एक कुंपण आणि एक कोंबड्यांचं खुराडं, बस्स. खुराडं रिकामं होतं.

आणि मी बरोबर तिकडेच बघत होते! तिथे खांब नव्हता. म्हणजे होता, पण ऊन डोळ्यावर होतं.

खरी बातमी पुढेच आहे. खाली उतरल्याबरोबर नेव्हिल म्हणाला, "माझं चुकलं." चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हे शब्द पहिल्यांदा ऐकले. लग्नानंतर फिरायला गेलो तेव्हा मला बोटीवर विसरून हा एकटाच उतरला होता, तेव्हासुद्धा चूक बोटीची होती.

पॅजेट घरातल्या सपाता घालून धावत आला. लंडनहून येऊन तीन वर्षं झाली, अजून चिखलाकडे तक्रार केल्यासारखा बघतो. "रस्त्यावर रणगाडा! कायद्यात बसतं का हे?"

"रणगाडा नाही हो, चिलखती गाडी. तोफ कुठे दिसतेय तुम्हाला?"

"पंधरा टनांची आहे ती!"

"माझी आईही काही कमी नव्हती. नाव तिचंच आहे."

४ मे, रविवार

पॅजेटने पोलीस बोलावलाच. आली एक चिमुरडी, हॅरिएट नावाची. तिला मी शाळेत सात वर्षं जेवण वाढलंय, वाटाणे कधी खाल्ले नाहीत तिने. आज वही काढून एनिडभोवती फिरत होती. नेव्हिलने एकेक दाखवलं. पट्ट्यांना रबरी ठोकळे आहेत, रस्ता खरवडत नाही. नंबरप्लेट, दिवे, हॉर्न, विमा. पट्ट्यांच्या गाडीचं वेगळं लायसन्स. पॅजेटचं तोंड प्रत्येक कागदागणिक उतरत गेलं. मजा आली!

"आणि वर उभं कोण राहतं?" हॅरिएटने विचारलं.

"मी."

"तुमचं लायसन्स?"

"लागतच नाही, पोरी. वरच्या माणसाबद्दल कायदा चकार शब्द काढत नाही. कोंबडी उभी केलीस तरी चालेल."

सगळे हसले. नेव्हिल नाही हसला. खांबाचं मनाला लावून घेतलंय वाटतं.

१४ मे, बुधवार

आज बाजाराला माझ्याबरोबर आला. लाऊथच्या बाजारात! गर्दीत ह्याला पुरळ उठतो. तर म्हणे, "मी चालवतो, तू बस निवांत." मागच्या आठवड्यातही हेच. छोट्या गाडीची किल्ली हल्ली ह्याच्याच खिशात असते. मला सॉसेज निवडू दिले आणि मागे उभा राहिला, सासरी पाठवणी करायला आल्यासारखा.

एकटं राहायची भीती वाटायला लागली असेल. वय झालं.

१७ मे, शनिवार

एनिडच्या डाव्या अंगाला आरसा जोडला. आरसा कसला, चहाचा ट्रे! जुन्या ट्रकचा काढून आणलाय. आणि खाली अजून एक, गोल फुगीर. "हे कशाला?" म्हटलं. "शोभा," म्हणाला. सत्तरीला आलेल्या माणसाला शोभा!

२७ मे, मंगळवार

नगरपालिकेने चर्चपाशी रस्त्याचा पांढरा पट्टा नव्याने मारलाय की काय. मध्येच पोटात लाथ बसल्यासारखा वाकडा. रंगवणारा नक्की पबमधून उठून आला असणार. पॅजेटला म्हटलं, घ्या, ह्याची तक्रार करा. तर तो माझ्याकडे बघतच राहिला. विनोद कळत नाहीत त्याला.

१ जून, रविवार

नेव्हिलचं काही खरं नाही. आज सरावाला पाच मैल जाऊन आलो. ऑगस्टच्या जत्रेत मिरवणुकीत पुढे एनिड असते, मागे गावची पोरं. मी वरून सूचना देतेय तर हा दर अर्ध्या मिनिटाला "हो, बेरिल." मी शिंकले — "हो, बेरिल." मग मुद्दाम गप्प बसून पाहिलं. तरी "हो, बेरिल"!

शिवाय चालवतो किती हळू! एका बाईने चालत आम्हाला मागे टाकलं. तिच्याकडे बाळाची गाडी होती.

८ जून, रविवार

आज लिहावंसं वाटत नाही. लिहिते तरी.

चर्चच्या वळणावर मी म्हटलं, "डावी बाजू मोकळी." आणि एनिड जागेवर थांबली. अशी थांबली की माझी हनुवटी कडेवर आपटली. मी ओरडले, "अरे मुडद्या, मोकळी म्हटलं ना!" मग खालून टापा ऐकू आल्या. तट्टू होतं. त्यावर टॅबिथा, पॅजेटची नात. नऊ वर्षांची. पट्ट्यापासून हातभरावर.

ती हात हलवून पुढे गेली. तिला कळलंसुद्धा नाही.

"का थांबलास?" खाली उतरून मी विचारलं. "शिंक येईलसं वाटलं," म्हणाला. शिंक! एका शिंकेवर पोर वाचलं. शिंक नसती आली तर? ह्या माणसाला दिसत नाही. खांब दिसला नाही, पोर दिसलं नाही, आणि जत्रेत मागेपुढे चाळीस पोरं असणार.

९ जून, सोमवार

एकोणीस ऑगस्टला नेव्हिलला सत्तर पूर्ण. लायसन्स नव्याने करायचं. आणि त्या फॉर्मवर डोळ्यांबद्दल ज्याचं त्यानेच लिहायचं: मला दिसतं. झालं! सरकार विश्वास ठेवतं. कमी दिसणाऱ्याला विचारा दिसतं का, तो म्हणणार, छान दिसतं की. त्याला काय दिसत नाही हे त्याला दिसणार कुठून?

मी त्याला सांगू शकत नाही. एनिड गेली तर तो दोन दिवसांत खुर्चीतला म्हातारा होईल. पण टॅबिथा.

लायसन्सवाल्यांना पत्र लिहिलं. सही केली नाही. 'ह्या गृहस्थांचे डोळे तपासावेत.' अक्षर उतरंडीला लागल्यासारखं खाली गेलं. हल्ली वहीच्या रेघासुद्धा धड छापत नाहीत.

१० जून, मंगळवार

पोस्टाच्या पेटीपर्यंत नेव्हिलनेच सोडलं. मला तिकीट सरळ लागल्याची खात्री वाटेना, म्हणून पाकीट त्याच्यापुढे धरलं. भ्यायचं काय, पत्ता थोडाच वाचता येणार होता त्याला! त्याने पाकीट हातात घेतलं, अंगठ्याने तिकीट दाबलं. "सरळ आहे," म्हणाला. उतरला आणि स्वतःच पेटीत टाकून आला.

मला रडू आलं. नाक शिंकरून वेळ मारून नेली.

२ जुलै, बुधवार

आलं. न्याहारीला त्याने मोठ्याने वाचून दाखवलं: अमुक तारखेच्या आत डोळे तपासून अहवाल पाठवा. चष्मा न लावता वाचलं — पाठ केलं असेल आधी.

"कुणाला तरी काळजी वाटतेय," म्हणाला. पावाला लोणी लावत होता, अगदी कडेपर्यंत, मला आवडतं तसं. मग तो पाव माझ्या ताटलीत ठेवला.

"तूही चल बरोबर. एका खेपेत दोघांचंही होईल."

"माझे डोळे ठणठणीत आहेत."

"मग काय, पाच मिनिटांचं काम."

१५ जुलै, मंगळवार

आधी तो गेला. दहा मिनिटांत बाहेर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ह्यांना चर्चच्या कळसावरची चिमणी दिसेल." मी म्हटलं, पुन्हा तपासा. त्यांनी पुन्हा तपासलं. चिमणीच!

मग मी बसले. बाईंनी एक डोळा झाकायला लावून चौकटींचा कागद पुढे धरला. मी म्हटलं, "बाई, छपाई फार वाईट आहे. मधल्या रेघा वाकड्यात, आणि बरोबर मध्यावर शाई सांडलीये." त्या हसल्या नाहीत. दुसरा डोळा झाकला. तिथे शाई नव्हती, पण रेघा वाकत होत्या.

"रेघा सरळ आहेत, बेरिल. शाईही नाही."

पुढचं थोडक्यात लिहिते. डावा डोळा मधोमध गेलाय. उजवा वाचवता येईल, दर महिन्याला डोळ्यात सुई. आणखी दोनतीन महिने काढले असते तर दोन्ही गेले असते. डोळ्यात सुई! नेव्हिलला दाढेच्या इंजेक्शनला भोवळ येते, तो माझा हात धरून बसला होता. हात त्याचाच गार.

घरापर्यंत दम धरला. मग स्वयंपाकघरात फुटले.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"खांबापासून."

"आणि 'माझं चुकलं' म्हणालास!"

"बरं वाटलं ना ऐकून?"

"सांगितलं का नाहीस?"

"तीनदा प्रयत्न केला. तू म्हणालीस, स्वतःच्या डोळ्यांचं बघ." हे खरं आहे. तीनदाच नाही, जास्तच असेल. "बेरिल, पंधरा टन वळवणं सोपं आहे गं. तुला वळवायचं तर सरकारचं पत्र लागतं. ते तू स्वतःच लिहिलंस, मी फक्त पेटीत टाकलं."

मी भांडं फेकायला घेतलं. आवडीचं होतं, ठेवून दिलं. "मग मी 'मोकळी' म्हणायचे तेव्हा?"

"ऐकायचो की. फक्त आरशात एकदा बघून घ्यायचो."

टॅबिथा. तिच्या अंगावर मी 'मोकळी' म्हटलं. शिंक नव्हतीच. सारखी तीच डोळ्यांपुढे येते, आणि ती मात्र स्पष्ट दिसते.

१९ जुलै, शनिवार

पॅजेटकडे गेले आणि सगळं सांगितलं. सांगितल्याशिवाय घास उतरत नव्हता. तो फाटकाच्या नव्या खांबावर हात ठेवून उभा राहिला. मला वाटलं, आता पुन्हा हॅरिएट येणार.

म्हणाला, "पांढऱ्या पट्ट्याचं म्हणालात तेव्हाच मी तुमच्या मिस्टरांना विचारलं होतं. पट्टा सरळ होता." मग खाकरला. "जत्रेला वर कोण उभं राहणार?"

"कोणी नाही. एनिड घरीच."

"मी सगळे नियम वाचलेत," पॅजेट म्हणाला. "सगळे. तुमच्यावर खटला भरायला वाचले होते."

१९ ऑगस्ट, मंगळवार

नेव्हिलला सत्तर पूर्ण. लायसन्स आलं. फोटोत दरोडेखोर दिसतो म्हणे. मी कार्डावरून नुसता हात फिरवून घेतला, मनुकांचा पाव कापला. गेल्या आठवड्यात दुसरी सुई झाली. वही आता जाड पेनने लिहिते, एका पानावर नऊ ओळी.

२५ ऑगस्ट, सोमवार

जत्रा. पॅजेट वर, पिवळं जाकीट, पिवळी टोपी, गळ्यात शिट्टी. मी आत मागच्या बाकावर केकचे डबे सांभाळत. निघायच्या आधी तो ओरडला, "माझं ह्यांना काही ऐकूच जात नाहीये!"

एनिडच्या तारा मला तोंडपाठ आहेत. पुढे सरकून बोटांनी चाचपलं. नेव्हिलच्या हेडफोनची वायर माईकच्या खोक्यातून काढलेली होती. टोक फडक्यात नीट गुंडाळून दोऱ्याने बांधलेलं, माझ्याच स्वयंपाकघरातल्या. फडक्यावर बोटभर धूळ. मे महिन्यापासूनची.

म्हणजे सगळा उन्हाळा. माझा एक शब्दही त्याच्या कानात गेला नाही. आणि दर अर्ध्या मिनिटाला "हो, बेरिल."

मी तिथेच खाली बसले आणि हसले, हसता हसता रडले. मग दोरा सोडला, वायर लावली, पॅजेटचा माईक खाली ओढून घेतला.

"नेव्हिल, ऐकू येतंय?"

त्याने हेडफोन कानावर दाबला. मग म्हणाला, "आता येतंय."