कोणता गाल?

पडेगाव,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. दीपमालास वहिनीचे आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत. ऊन आत्ताच चटके देतंय. आमच्या माऊलीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते.

रविवारी तुझ्या क्रीमच्या कार्यक्रमाला ये, दादालाही आण, दोन शब्द बोल, म्हणालीस. जरूर येते. तुझ्या शाळेच्या वेण्या मी घातल्या, साय-हळदीनं तोंड चोळून दिलं. आता नाही कशी म्हणेन?

माऊलीच्या साखरपुड्यात नव्या विहीणबाईंसमोर तू म्हणालीस, "आमची वहिनी तं दादाची माय वाटती." सगळे हसले. मग डबी हातात ठेवलीस, "लाव, सुरकुत्या गायब." मी घेतली, कारण भरल्या घरात मला रडायचं नव्हतं.

क्रीम रोज लावलं, पण एकाच गालाला. दुसऱ्याला नुसतं खोबरेल. डबी काल संपली. शेजारच्या गोजरबाईला म्हटलं, क्रीमचा गाल ओळख. तिनं चष्मा पुसून दोन्ही निरखले आणि एकावर बोट ठेवलं. "ह्यो लई मऊ दिसतोय." तो खोबरेलाचा होता.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनाही डबी दाखवली. काही औषधी क्रीमनं थोडा फरक पडतो, तोही सावकाश, म्हणाल्या. पण या डबीत काय आहे तेच कुठं लिहिलेलं नाही. उन्हात तोंड झाका, म्हणाल्या. ते तर मी पदरानं करतेच.

रविवारी तुझ्या गिऱ्हाइकांना एकेक करून जवळ बोलावणार आणि हेच विचारणार, क्रीमचा गाल कोणता. कार्यक्रम रद्द केलास तर लग्नाच्या मांडवात विचारेन, तिथं बायका जास्त असतील. आधी कळवते, कारण रविवारपर्यंत तुझी झोप उडावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तुझ्या दादाचा विषय काढणार नव्हते. पण त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला. तुझ्या बोलण्यापेक्षा ते हसणं मला जास्त लागलं, अजून लागतंय.

म्हणून पहिला प्रश्न त्याला. रोज रात्री आरशासमोर, त्याच्या देखत लावलंय. एकदा जरी त्यानं माझ्याकडं पाहिलं असेल, तर त्याला उत्तर येईल. मग मी मुकाट्यानं खाली बसेन आणि तुझा धंदा सुखानं चालेल.

हवं तर हे पत्र त्याला वाचून दाखव. गाल कोणता, ते मी मुद्दामच लिहिलेलं नाही.

तुझ्या वेण्या घातलेली,
मालनवहिनी