नव्वद किलोच्या आत

२ मार्च, सोमवार
ही वही सेफ्टीवाल्या मॅडमनी दिली. वजन भरलं ९२. झुल्यावर लोंबकळत उंच बिल्डिंगांना रंग देणाऱ्याला नव्वदच्या वर चालत नाही. सहा आठवड्यांची मुदत. नाहीतर घरी. मॅडम म्हणाल्या, टेन्शन आलं की माणूस खातो, खाण्याआधी मनात काय चाललंय ते लिहीत जा, मी वाचणार नाही. मी बरं म्हटलं. टेन्शन एसीत बसणाऱ्यांना असतं. मला फक्त भूक लागते.
आजपासून गोड बंद. म्हणजे बंद.

३ मार्च, सकाळी ६.५०
वर जायच्या आधी क्रीमची बिस्किटं. एक पुडा. मनात काय चाललं होतं: काही नाही. हात थरथरत होते, पण ते थंडीने. उकाडा आहे म्हणा, तरी सकाळ ती सकाळच.

५ मार्च
चौदावा मजला. वारा. झुल्यावरचे जोडीदार काका, तीस वर्षं याच धंद्यात, म्हणाले, डोळे उघड रे राजा, भिंत रंगवायचीय, माझी पँट नाही. डोळ्यात धूळ गेली होती. उतरल्यावर सहा केळी आणि पावाची लादी. केळं फळ असतं, ते वजनात धरत नाहीत.

८ मार्च, रविवार
सुट्टी. सकाळपासून भूकच नाही. याला म्हणतात कंट्रोल! दुपारी आईचा फोन. तुला वर तर चढवत नाहीत ना, म्हणाली. म्हटलं, छे, मी खाली उभा राहून देखरेख करतो. म्हणाली, शहाणं माझं लेकरू. फोन ठेवून अर्धा केक खाल्ला. मग उरलेला अर्धा. ठेवला असता तर खराब झाला असता.

१४ मार्च
९३. काटा जुना आहे, मी मॅडमना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी मुदत संपेपर्यंत मला खाली रंग कालवायला बसवलं. पोरं मला ड्रम म्हणतात. एवढा अनुभवी माणूस, आणि हातात काठी आणि बादली!

२७ मार्च
काठी, बादली, पाय जमिनीवर. दिवस कसा जातो कळत नाही. आज कपाटात जुना पुडा सापडला, अर्धा खाल्लेला. मुंग्या लागल्यात. त्यांना टेन्शन असेल.

११ एप्रिल, शनिवार
८९! मॅडमनी टाळ्या वाजवल्या. पोरांनी विचारलं, कसं केलंस रे? म्हटलं, इच्छाशक्ती. तुमच्यात नाही ती. मॅडम म्हणाल्या, शाब्बास, सोमवारपासून परत वर. नवी बिल्डिंग, बावीस मजले.
काकांनी बाजूला घेतलं. म्हणाले, नेहमीचा रंग कालवणारा काम सोडून गेलाय, जागा रिकामी आहे, तोंड उघड आणि माग. मी हसलो. म्हटलं, काका, आपण उंचीवरची माणसं. काका म्हणाले, मग यावेळी निदान डोळे तरी उघडे ठेव.
म्हातारपणी माणूस घाबरट होतो.

१३ एप्रिल, सोमवार, सकाळी ६.५०
क्रीमची बिस्किटं. तीन पुडे. मनात काय चाललं होतं: थंडी.
बावीस मजल्यांची.