बाल्कनीतली तार

कावागोए, ५ ऑक्टोबर

ती. नोबुकाझूकाका,
सा. न. वि. वि.

रताळ्याच्या वड्या पाठवल्यात. डॉक्टरांना सांगू नका.

तुमचा रेडिओच्या अँटेनाचा मनोरा २१ तारखेला उतरवणार म्हणता. त्याआधी एकदा तरी आपण रेडिओवर बोलायला हवं. मी हौशी रेडिओचा परवाना काढून वर्ष झालं तरी आपण आपले फोनवरच. यासुहिको म्हणतो, फोन चालतोय की. नवऱ्यांना असल्या गोष्टी कळत नाहीत.

बाल्कनीत गळाच्या लांब काठीला तार बांधलीय. संगणकावरचा अँटेनाचा प्रोग्राम म्हणतो, उत्तम. रेडिओला जोडलेला मीटर म्हणतो, निम्मी शक्ती तारेतून परत फिरते. खोटं कोण बोलतंय?

पत्राची वाट बघते.
तुमची पुतणी, चिझुरु


हाचिजोजिमा, ९ ऑक्टोबर

चि. चिझुरु हिस अनेक आशीर्वाद.

वड्या संपल्या. खोटं कुणीच बोलत नाही.

प्रोग्राम तारेचे बारीक तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यातल्या प्रवाहाचा परिणाम बाकी सगळ्यांवर होतो, आणि त्यांचा त्याच्यावर. म्हणून सगळ्यांचं गणित एकदमच सोडवावं लागतं. तुमच्या इमारतीच्या बैठकीसारखंच. एक बोलला की सगळ्यांची मतं हलतात. पण ज्यांना बोलावलंच नाही, ते त्या गणितात नसतात. तू बाईसाहेब, प्रोग्राममध्ये नुसती तार रिकाम्या आकाशात टांगलीस ना? बाल्कनीत धातूचं आणखी काय आहे, ते आधी बघ.

यासुहिकोला नमस्कार, त्याचं फारसं ऐकू नकोस.
काका


कावागोए, १५ ऑक्टोबर

ती. काका, सा. न.

कपडे वाळत घालायच्या स्टीलच्या दोन काठ्या आणि कठडा! सगळं प्रोग्रामला सांगितलं, तर त्याचा आकडा मीटरइतकाच वाईट आला. मी आनंदानं ओरडले. यासुहिकोनं विचारलं, काय जिंकलीस? म्हटलं, सगळं बिघडलेलं बरोबर निघालं.

काठ्या काढल्या. मोजे आता न्हाणीघरात वाळतात आणि नवरा घुश्शात आहे. कठडा काही काढता येत नाही, म्हणून तो गणितात तसाच ठेवून प्रोग्रामनं सांगितली तेवढी तार कापली. आता प्रोग्राम आणि मीटर, दोघांचं जुळतंय. रविवारी सकाळी दहाला हाक मारते. ऐकू आली नाही, तरी माया कमी करू नका.

चिझुरु


हाचिजोजिमा, २२ ऑक्टोबर

चि. चिझुरु,

मनोरा काल उतरला. मुळ्याच्या वाफ्यात आडवा पडलाय. जवळून फारच गंजका दिसतो.

रविवारी रेडिओवर बोललो, त्याची पोच म्हणून पाठवायचं कार्ड सोबत आहे. शिष्टाचार म्हणून सगळे एकमेकांना ‘आवाज उत्तम’ लिहून मोकळे होतात. चाळीस वर्षं मीही तेच केलं. हे माझं शेवटचं कार्ड, म्हणून खरं लिहिलंय: आवाज क्षीण, शब्दन् शब्द कळला.

तुझा,
काका