दारातली आई

ती. बाबांना,
खडूने माखलेल्या हातांचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे, नोकरीही अजून शाबूत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

मुलगा दूर गेल्यावर दारात उभ्या राहिलेल्या आईची ती कविता शिकवत होते. अर्थ न सांगता मुलांनाच विचारलं. कधी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, ही वाट बघत नाहीये, चिडलीये." झालं! वर्ग हमरीतुमरीवर आला. मुख्याध्यापक धावत आले. म्हणाले, "मुलांना उत्तरं लिहून द्या, नाहीतर वर्ग काढून घेईन."

मी देणार नाही. हट्ट तुमच्याकडूनच आलाय.

तुम्ही मात्र जन्मभर मास्तरकी करताना मुलांना 'ती वाट बघते' असंच लिहून दिलंत. खरं काय वाटतं, बाबा? आधी तुमचं लिहा, मग आईला विचारा. मी निघाले तेव्हा दारात तीच उभी होती.

तुमची हट्टी
धाकटी