उतरत्या छपराची गाडी

मी, या कागदाखाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा मोटार ड्रायव्हिंग स्कूल, राहणार टेकडीच्या रस्त्यावरचं शेवटचं घर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी मला तपासून दिला आहे. माझ्या नणंदेचं मत वेगळं आहे, पण तिने मला तपासलेलं नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. लोक आयुष्यभर माझ्याशेजारी बसून घाबरलेले असत, त्यामुळे मला घाबरवण्याची सवय कोणाला लागलीच नाही. आजाराचं नाव लिहीत नाही. ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो बरा होण्यातला नाही हेही.

या मजकुराचं शुद्धलेखन माझ्या पतींनी तपासलं आहे. ते छापखान्यात मुद्रितं तपासत असत. 'मृत्यू' दीर्घ आणि 'मृत्युपत्र' ऱ्हस्व, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मजकुरात मात्र त्यांनी काही बदललेलं नाही.

कलम १. राहतं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते पती हयात असेपर्यंत त्यांचं आणि नंतर मुलाचं. स्वयंपाकघराच्या खिडकीची झडप पावसाळ्यात फुगते. ती तासून घ्यावी असं मी दरवर्षी म्हणते. आता दुसऱ्या कोणीतरी म्हणावं.

कलम २. ड्रायव्हिंग स्कूल, त्याचं नाव, टेलिफोन नंबर आणि दोन्ही छोट्या गाड्या धाकट्या बाईंना. शिकाऊ मंडळी मला मोठ्या बाई म्हणतात आणि तिला धाकट्या बाई. ती माझ्याकडे गाडी शिकायला आली आणि परत गेलीच नाही. या दोन्ही गाड्यांना शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे. तो ब्रेक म्हणजेच आमची शाळा. बाकी सगळं कोणालाही तोंडाने सांगता येतं. धाकट्या बाईंनी शाळेच्या पाटीवरचा माझा फोटो काढून टाकावा. शिकाऊ माणसाला आधीच पुरेशी भीती असते.

कलम ३. बँकेतल्या ठेवींतून आधी माझा दवाखाना भागवावा, मग कलम सहामधली देखभाल. उरेल ते मुलाचं.

कलम ४. शिवणाचं यंत्र नणंदेला. ते मुळात तिच्या आईचं, म्हणून तिचंच, असं ती माझ्या लग्नापासून म्हणत आली आहे. ते माझ्या सासूबाईंनी मला दिलं असं मी म्हणत आले आहे. आम्ही दोघींनी मिळून त्यावर एक टाकाही घातलेला नाही. आता तिने घालावा.

कलम ५. आता मोठी गाडी. हा कागद उघडल्यावर सगळे हेच कलम आधी शोधतील, म्हणून ते मुद्दाम मध्ये घातलं आहे.

गाडी उंच आणि रुंद आहे, पण तिचं छप्पर मागच्या बाजूला पाठीसारखं उतरत जातं. विकणारे तिला कूपे एसयूव्ही म्हणतात. आमच्या गल्लीत तिला 'बाईंचं जहाज' म्हणतात. ती मी शिकवण्याचं मैदान विकून घेतली. माझ्याकडे शिकणाऱ्या एका डॉक्टरांना गाडी निवडायला मदत हवी होती, म्हणून त्यांच्याबरोबर शोरूममध्ये गेले होते. त्यांनी साधी गाडी घेतली. मी मात्र कोपऱ्यातल्या या गाडीभोवती फिरत राहिले. आयुष्यभर गाडीत बसले, पण स्टिअरिंग कायम दुसऱ्याच्या हातात. माझ्या वाट्याला तो ब्रेक. स्वतःसाठी म्हणून मी गाडी कधी चालवलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी यांना घेऊन गेले.

विक्रेत्याने विचारलं, "साहेब चालवणार ना?"

"साहेब मागे बसून पेपर वाचतात," मी म्हटलं.

ते खरंच होतं. यांना गाडी येत नाही. संध्याकाळी शेवटच्या शिकाऊ माणसाला घेऊन मी छापखान्यावर जात असे आणि हे मागे बसून घरी येत. पुढे शिकाऊ आणि मी, मागे हे आणि पेपर. वर्षानुवर्षं असंच चाललं. शोरूममध्येही हे सवयीने मागच्या दाराकडे गेले, आत वाकले आणि तसेच वाकून राहिले. हे उंच आहेत.

"अगं, हे छप्पर माझ्या डोक्यावर उतरतंय."

विक्रेता अवघडून म्हणाला, "सर, ही गाडी तशी पुढे बसणाऱ्यांची आहे."

"मग मी कुठे जाऊ?"

"पुढे या," मी म्हटलं.

हे पुढे येऊन बसले. पाय लांब करून पाहिले. मग म्हणाले, "सीट कमरेच्या उंचीला आहे. गुडघा दुखला नाही." यांचा डावा गुडघा कामातून गेलेला आहे. शाळेच्या छोट्या गाडीतून त्यांना बाहेर काढायला मला पाय रोवून ओढावं लागे. मी तिथेच कागदांवर सह्या केल्या.

नणंद घरी येऊन गाडी पाहून म्हणाली, "वहिनी, नवऱ्याला मागे जागा नाही अशी गाडी कोण घेतं?"

"म्हणून तर घेतली," मी म्हटलं.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, एवढ्या पैशात माणूस निवृत्त होतो."

"मीही तेच करतेय."

त्यानंतर आम्ही दोघं पुढे शेजारी बसून पुष्कळ हिंडलो. कुठे गेलो ते लिहीत नाही. ती मालमत्ता नाही.

कलम ६. गाडी ज्याच्याकडे असेल त्याने पुढील गोष्टी पाळाव्यात. गाडी आठवडाभर उभी ठेवू नये. बॅटरी उतरते, टायर एका जागी बसतात आणि हवेवरच्या स्प्रिंगा ढिल्या पडून सकाळी गाडी एका कुशीवर झोपलेली दिसते. पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या रुंदीचे आहेत, त्यांची अदलाबदल करू नये. एकच टायर बदलून काटकसरही करू नये. चारही एकदम घेणं स्वस्त नाही, पण गाडी चारही चाकांनी ओढते आणि तिला फरक कळतो. मागची काच आडवी आणि अरुंद आहे आणि तिला वायपर नाही. रिव्हर्स घेण्याआधी उतरून ती फडक्याने पुसावी. कॅमेरा आहे म्हणून पुसायचा कंटाळा करू नये. सर्व्हिस सेंटरवाले दर खेपेला म्हणतात, "हे बदलावं लागेल मॅडम." त्यांना म्हणावं, "जुनं काढून हातात द्या, मग बोलू." निम्म्या वेळा बदलावं लागत नाही. दाराशेजारी एक बटण आहे. ते दाबलं की गाडी हळूहळू खाली बसते आणि चढणं-उतरणं सोपं होतं. यांना बसवताना ते आधी दाबावं. नंतर दाबलं तर हे दचकतात.

कलम ७. माझ्या आजाराचं कळल्यावर मुलगा आला. जेवणाच्या टेबलाशी आम्ही चौघं होतो, नणंदही होती.

मुलगा म्हणाला, "बाबा, नंतर इथे एकटे काय कराल? टेकडी, तुमचा गुडघा, वर बस येत नाही, टॅक्सीवाले चढ बघून परत जातात. गाडी विकू, तुम्ही माझ्याकडे या. तुमच्यासाठी खोली रिकामी केलीय."

"खोली चांगली आहे," हे म्हणाले. "पण तिथून मी कुठे जाणार?"

"इथून तरी कुठे जाणार? गाडी कोण चालवणार?"

"मी."

नणंदेचा चमचा ताटलीत पडला. "दादा, तू?"

"मला सगळं येतं. मी मागे बसून ऐकलंय."

हे खोटं नाही. मी प्रत्येक शिकाऊ माणसाला जे सांगितलं, ते यांनी पेपरच्या आडून ऐकलं आहे. पहिल्या दिवशी विकलेल्या मैदानाबाहेरच्या रस्त्यावर बसवलं तर आरसा, पट्टा, खांद्यावरून नजर, सगळं माझ्याच शब्दांत पुटपुटत केलं. घोटाळा एकच. यांनी ऐकलेलं सगळं क्लचच्या गाडीचं. मोठ्या गाडीला क्लच नाही, डाव्या पायाने स्वस्थ बसायचं असतं. पण वेग कमी करायची वेळ आली की यांचा तो दुखरा डावा पाय आपोआप क्लच शोधायला जातो, तिथे रुंद ब्रेक सापडतो, आणि गाडी जागच्या जागी थिजते. मी शेजारी बसून दरवाज्याचं हँडल धरते. माझ्या पायाखाली आता ब्रेक नाही.

मुलगा वाईट नाही. त्याला बापाची काळजी आहे. तो म्हणाला, "ठीक आहे. परवाना मिळवला तर मी एक शब्द बोलणार नाही." वकिलांनी त्याचं कलम करून दिलं आणि हे म्हणाले, "मंजूर." ते असं:

माझ्या मृत्यूच्या दिवशी पतींकडे गाडी चालवण्याचा परवाना असेल, तर मोठी गाडी संपूर्णपणे त्यांची, आणि त्यांना या घरातून हलवण्याचा विषय कोणीही काढू नये. नसेल, तर मुलाने गाडी विकावी आणि वडिलांना आपल्याकडे न्यावं.

वरील मजकूर मी वाचला आहे, मला तो समजला आहे आणि तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

(सही) मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: समोरच्या दवाखान्यातले दंतवैद्य (सही), कोपऱ्यावरचे टायरवाले (सही)
स्थळ: राहतं घर, पुढची खोली. दिनांक: ९ फेब्रुवारी

पुरवणी

परीक्षा काल झाली. धाकट्या बाई यांना घेऊन परत आल्या आणि काही न बोलता स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेल्या, तेव्हाच मला कळलं. हे माझ्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले आणि बूट काढू लागले.

"काय झालं?" मी विचारलं.

"डावा पाय."

"कुठे?"

"शेवटच्या वळणावर. परीक्षकांचा चष्मा उडून पुढच्या काचेला लागला. त्यांनी तो उचलला, पुसला आणि म्हणाले, 'आजोबा, याला क्लच नाहीये.' म्हटलं, मला माहीत आहे. म्हणाले, 'तुम्हाला आहे हो. पायाला सांगा.'"

"मग?"

"मग विचारलं, कोणाकडे शिकलात. मी सांगितलं नाही."

"का?"

"शाळेचं नाव खराब होईल."

मला हसू आलं. हसलं की हल्ली दुखतं, म्हणून यांनी माझा हात धरला. पुढची तारीख उन्हाळ्याच्या शेवटी आहे. तोवरचा डॉक्टरांचा हिशोब आम्हा दोघांनाही माहीत आहे. तो कोणी बोलून दाखवला नाही.

"वकिलांना बोलावते," मी म्हटलं. "अट काढून टाकते. गाडी तुमची."

"नको."

"अहो, आता हट्ट कसला?"

"अट काढलीस तर गाडी मला मिळेल, पण मी ती चालवणार नाही. रोज दारात बघत बसेन. मला माझा स्वभाव ठाऊक आहे. आणि मग पोरगा न्यायला आला की मुकाट्याने जाईन."

"मग मी काय करू?"

"नापास झालेल्याला तू काय सांगायचीस?"

"पुढची तारीख घ्या."

"तेवढंच हवंय." यांनी कपाटातून मृत्युपत्र आणलं, चष्मा लावला आणि कलम सात पुन्हा वाचलं. मग खिशातून लाल पेन काढलं. छापखाना सुटला तरी ते पेन खिशातून गेलेलं नाही. "इथे तीन शब्द जास्तीचे आहेत," हे म्हणाले. "आणि शेवटचं आख्खं वाक्य." समासात त्यांनी वगळण्याची खूण केली, शाळेतल्या गुरुजींसारखी ठसठशीत, आणि कागद माझ्यापुढे धरला.

मी मुलाला फोन लावला. त्याला न सांगता करायचं नव्हतं.

"म्हणजे याला मुदतच नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"आणि बाबा परत परत नापास झाले तर?"

"तर परत परत बसतील."

तो म्हणाला, "मला गाडी नकोच होती गं आई. मला ते इथे, माझ्याकडे हवे होते."

"ठाऊक आहे मला. म्हणून तुला सांगते, भेटायला येत जा. न्यायला येऊ नकोस."

"बरं," तो म्हणाला. मी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं आणि यांच्या कानाशी फोन धरला.

तेव्हा कलम सातमध्ये असा बदल करावा. 'माझ्या मृत्यूच्या दिवशी' हे शब्द आणि 'नसेल' पासूनचं वाक्य रद्द. परवाना मिळेपर्यंत गाडी घरीच राहील आणि पतीही घरीच राहतील. धाकट्या बाई दर रविवारी येऊन त्यांना शेजारी बसून शिकवतील. त्यांनी ओरडू नये, ते मी केलेलं आहे. परवाना मिळेल त्या दिवशी गाडी संपूर्णपणे त्यांची होईल. तो दिवस माझ्या हयातीत यावा अशी या कागदात अट होती. समासातली खूण पतींची आहे. शब्द मी स्वतःच्या हाताने खोडले आहेत आणि खोडल्या जागी सही केली आहे.

(सही) मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: दंतवैद्य (सही), टायरवाले (सही). दोघांनीही मला खोडताना आणि सही करताना पाहिलं.
स्थळ: राहतं घर, मागची खोली. दिनांक: २३ मार्च