वाटणीचं दूध

माघ शुद्ध पंचमी, निर्णा

आज माझा रेवण मला परत मिळाला! हुमनाबादपर्यंत मोटारीने आणि पुढे नणंदेच्या छकड्यातून आले. दोन महिने मी गुलबर्ग्यात विषमज्वराने पडून होते. ताप चढला तेव्हाच ह्यांनी तान्ह्या लेकराला इथे आपल्या थोरल्या बहिणीकडे, नागव्वाअक्कांकडे पोचवलं होतं. या घरी मी पहिल्यांदाच येतेय. अक्कांनी दारात पायांवर पाणी घातलं आणि लेकरू हातात दिलं. केवढा गुटगुटीत झालाय! मनगटांना वळ्या पडल्यात. गाईचं दूध मानवलं त्याला, असं अक्का म्हणाल्या. मी हसत होते आणि डोळे पुसत होते.

माघ शुद्ध सप्तमी

निघताना दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं होतं की दूध आटलं म्हणून हाय खायची नाही. लेकराला सारखं अंगाशी लावायचं. ते जसं ओढेल तसं दूध पुन्हा उतरतं. तेच करतेय. कापसाची वात गाईच्या दुधात भिजवून छातीवर पिळते, म्हणजे त्या थेंबांच्या आशेने तरी तो चोखत राहील. शतावरी घेते, अळिवाची खीर, लसूण घातलेली आंबील. पण रेवण तोंड फिरवतो. गाईचं दूध तर थुंकूनच टाकतो. सकाळभर पोटात काही नाही म्हणून माझा जीव उडतो, आणि दुपारी आतल्या खोलीतल्या पाळण्यातून उचलावा तर तृप्त, ओठांवर दुधाचा फेस. अक्कांना विचारलं. त्या खाली मान घालून ज्वारी निवडत राहिल्या.

माघ शुद्ध दशमी

आज खोदून खोदून विचारल्यावर अक्का बोलल्या. त्यांच्या शेतावर राबणाऱ्या ईरम्मा नावाच्या बाळंतिणीने रेवणला पाजलं; आता ती येत नाही. माझ्यापासून हे लपवायचं काय कारण? माझं लेकरू जिने जगवलं तिच्या पाया पडायला नको? पेटीतलं नवं इरकली लुगडं घेऊन शेतावर गेले.

ईरम्मा पौषातच मेली.

तिची सासू झोपडीपुढे बसली होती. लुगड्याला हात लावेना. अक्कांनी ईरम्माला घरीच अडकवून ठेवलं होतं, म्हणाली. तिची स्वतःची तान्ही लेक इकडे गुळाच्या पाण्यावर. दोघांनाही पाजते म्हणून ईरम्मा पाया पडली. वाटून दूध कमी पडेल, म्हणून अक्कांनी सोडलं नाही. आधी लेक गेली, मागोमाग ती.

घरी येऊन अक्कांपुढे उभी राहिले. जन्मात कुणावर इतकी ओरडले नव्हते. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझंच लेकरू जगलंय की. कामून वरडायलीस?"

जगलंय, हे खरंच आहे. त्याचाच जास्त संताप होतोय.

आणि ईरम्मा पौषात मेली, तर माझ्या रेवणला रोज दुपारी पाजतंय कोण?

माघ पौर्णिमा

दार लावून पाळण्यापाशी बसले. पाळणा हलता हलता थांबला, कुणी हाताने धरावा तसा. रेवणचे गाल हलू लागले. तोंडापुढे काही नाही, आणि तो घोट घेतोय. हनुवटीवरून दूध ओघळतंय. उचलायला गेले तर ओढून काढावा लागला.

अक्कांना सगळं ठाऊक आहे. म्हणाल्या, "येतीय, पाजतीय, जातीय. येऊ दे की."

मेलेल्या बाईलासुद्धा या घरात कामातून सुटका नाही.

माघ वद्य तृतीया

छकडा मागितला. देत नाहीत. ह्यांना निरोपही धाडू देत नाहीत. रेवणला क्षणभरही खाली ठेवत नाही. भुकेने रडला, बोचकारलं मला, आणि शेवटी — लागला. चोखतोय.

माघ वद्य षष्ठी

दूध उतरलं. वात नाही, काही नाही. माझंच. पोटभर प्यायला.

ती आता दिसते. भरदुपारी, कोपऱ्यात, भिंतीला टेकून. रेवणकडे येत नाही. मांडीवर फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. माझ्या ओल्या चोळीकडे बघत राहते —

अक्का दारात आल्या आणि पदर डोळ्यांवर ओढून वळल्या. मी हात धरून आत ओढलं. बघा म्हटलं. आता बघा तिच्याकडे. हात सोडवून पळाल्या. देवघराला आतून कडी —

माघ वद्य सप्तमी

रेवण झोपलाय. दुसऱ्या बाजूचं आपोआप गळतंय, थांबत नाही —

ती उठली. फडकं सोडतेय. इवलासा हात — काळा पडलेला —

भीती वाटतेय. पण राग हिच्यावर नाही. हिच्यावर कसा —

"अव्वा, हिला बी पाजा की." इतकंच म्हणाली.

चोळीची गाठ सोडली. घेतलं. किती हलकी आहे — गार — डाव्या हातावर धरलीय, उजव्याने लिहितेय —

ओढतेय. रेवणपेक्षा जोरात. पी बाई, तुझंच आहे —

अक्का, देवघराचं दार उघडा — रेवणला न्या —

दूध संपलं तरी सोडत ना —